एक खुर्ची जास्त

करंदीकर रोज जेवणाच्या सुट्टीआधी दहा मिनिटं जागेवरून नाहीसे होत. सिंगापुरात बेडोकला आमच्या ऑफिसखाली हॉकर सेंटर होतं, खाण्याच्या स्टॉलांचं आणि सामायिक टेबलांचं; तिथे टेबल धरायला जात. तिकडे खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती धरलेली. मग तिला कोणी हात लावत नाही. जेवणारे जितके, त्याहून एक खुर्ची ते नेहमी जास्त धरत. कुणासाठी, असं विचारलं की म्हणत, "येईल कोणीतरी. आल्यावर जागा शोधायची का?"

एकदा ती खुर्ची मला मिळाली. पुण्याहून येऊन मला तीन महिने झाले होते. डेस्कवर पुस्तक उघडून मी डबा खात असे. राजीनामा लिहून ठेवला होता. पन्नाशी उलटलेले हे गृहस्थ येऊन उभे राहिले.

"अगं, भिंतीसमोर बसून काय जेवतेस? भिंत कधी म्हणते का, अजून एक पोळी घे म्हणून? चल. पुस्तकही आण, त्यालाही भूक लागली असेल."

मी गेले. राजीनामा दिलाच नाही. पुढे माझे वडील गेले तेव्हा परतल्यावर पहिल्या दिवशी टेबलावर करंदीकरांनी आपली अर्धी पोळी माझ्या डब्यात ठेवली. "आधी जेव. मग रड. मी बसलोय इथे."

मग ऑफिसात माणसं कमी केली. टेबलावरच्या आमच्या पाच जणांतले फक्त करंदीकर गेले. नोकरीबरोबर तिथे राहून काम करायचा सरकारी पास जातो, आणि पास गेला की देश सोडायचा. त्यांना महिन्याची मुदत मिळाली. माझा पास त्याच महिन्यात वाढवायचा होता, आणि ज्या साहेबांनी त्यांचं नाव यादीत घातलं त्यांचीच त्यावर सही हवी होती. साहेब जेवायला खालीच येत. टेबलावरचे एकेक जण दुसरीकडे जेवू लागले.

एका दुपारी मी डबा घेऊन उतरले आणि खांबाआड थांबले. करंदीकर एकटे बसले होते. भोवती पाच खुर्च्या, पाच पाकिटं. ट्रे घेतलेल्या एका चिनी बाईंनी रिकाम्या खुर्चीकडे बोट करून तिथल्या इंग्रजीत विचारलं, "अंकल, हिअर गॉट पीपल?"

"गॉट, गॉट. कमिंग लाह."

मी वर आले आणि डेस्कवर जेवले. साहेबांची सही झाली.

शेवटच्या दिवशी ते निरोप घ्यायला आले. "जेवलीस?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. "बरं झालं," म्हणाले.

दोन वर्षांनी ते पुण्यात वारल्याची बातमी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. कुणीतरी लिहिलं, त्यांनी कधी कुणाला एकटं जेवू दिलं नाही. खाली सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

लिहिलं होतं ते खरंच होतं. आम्ही मात्र त्यांना एकटं जेवू दिलं, महिनाभर.