रियाधमध्ये बसून झांबियाचा रस्ता

ज्या रस्त्यावर आपण कधी पाऊलही ठेवलेलं नाही, त्याचे किस्से आपल्याकडे कसे काय साठतात, देव जाणे! मी रियाधच्या एका डिझाइन ऑफिसात बसून झांबियातला एक हायवे आणि त्याच्या कडेने जाणारी फायबर केबल आखत होतो. रस्ता कागदावर इंच इंच सरकायचा, किस्से मात्र रोज एक!

टीम म्हणाल तर दोघांची. मी साळवी, चिपळूणचा. आणि ड्रॉइंग काढणारे इक्बालभाई, राजापूरचे. वर आमचे मुदीर, म्हणजे मॅनेजर, अबू फहद. पलीकडे लुसाकात क्लायंटच्या इंजिनियर मिसेस म्वाले. पहिला टप्पा त्यांनी मंजूर केला तरच दुसरा आम्हाला मिळणार होता. आणि दुसरा मिळाला तरच आमचे इकामे, म्हणजे सौदीत राहायचे परवाने, रिन्यू होणार, नाहीतर खलास! बायकोने मुलाची पुढच्या वर्षाची वह्या-पुस्तकंसुद्धा घ्यायची थांबवली होती.

*

पहिली ड्रॉइंग पाठवली आणि दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ कॉल आला.

"मिस्टर साळवी, दर दहा किलोमीटरवर हा बोर्ड कसला?"

मी झूम करून पाहिलं. 'उंटांपासून सावधान!' आमच्या ऑफिसात नवीन रस्ता म्हणजे जुन्या सौदी रस्त्याची फाइल उघडायची आणि नाव बदलायचं. मी नाव बदललं होतं, उंट राहून गेले होते.

मिसेस म्वाले शांतपणे म्हणाल्या, "उंट तुम्ही पाठवणार आहात, की आम्ही मागवायचे?"

*

मग मी घाईघाईने उंटांच्या जागी हत्ती टाकले. बोर्ड बदलला, कुंपण तेच ठेवलं.

"या कुंपणाने हत्ती थांबेल?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, हे अतिशय मजबूत कुंपण आहे," मी ठासून सांगितलं.

"छान. म्हणजे हत्ती ते जिथे नेऊन टाकेल, तिथे ते मजबूत उभं राहील!"

*

फायबरच्या मीटिंगची गोष्ट तर सांगायची लाज वाटते. प्रतिसेकंद किती डेटा जाईल यावर मी तावातावाने बोलत होतो आणि आमच्या ऑफिसचं नेट सारखं तुटत होतं. मिसेस म्वाले मात्र माळरानावर पिकअपमध्ये बसून बोलत होत्या. त्यांच्यामागच्या झाडाचं पानन् पान दिसत होतं! तिसऱ्यांदा कनेक्ट झालो तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रोजेक्ट संपला की उरलेली केबल तुमच्याकडे ओढून देऊ."

अबू फहदनी ते सीरियसली घेतलं. "किती किलोमीटर उरेल?" असं मलाच विचारलं.

*

पण खरी नामुष्की पावसाने आणली.

त्यांनी पाठवलेला पावसाचा आकडा मला भलताच मोठा वाटला. टायपिंगची चूक असणार, असं समजून मी माझ्या अधिकारात एक शून्य उडवलं आणि त्या हिशोबाने रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या काढल्या. एवढ्याशा, मांजर जाईल इतपत.

मिसेस म्वालेंनी ते पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही जन्मापासून रियाधलाच का?"

"नाही मॅडम. कोकणातला. आमच्याकडे पाऊस फार!"

पलीकडे मिसेस म्वालेंनी मोरीचं ड्रॉइंग पुन्हा झूम केलं. इक्बालभाई माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "साळवीसायब, यंदा सुट्टी जुलैत काढा. पागोळीखाली उभं केलं पायजे तुमास!"

मला राग आला नाही, खरंच वाईट वाटलं. चिपळूणच्या माणसाने पाऊस विसरावा! सगळ्या मोऱ्या मी स्वतः पुन्हा काढल्या, एकही इक्बालभाईंना दिली नाही.

*

शेवटी फायनल प्रेझेंटेशनचा दिवस उजाडला. मी हौसेने एक ॲनिमेशन केलं होतं. आमच्या नव्या हायवेवरून एक पांढरी गाडी दिमाखात निघते. पूल येतो, मोरी येते, हत्तीचा बोर्ड येतो. सगळं चोख!

"ही गाडी कोण चालवतंय?" मिसेस म्वालेंनी विचारलं.

अबू फहद अभिमानाने म्हणाले, "आमचे साळवी!"

"त्यांना सांगा, समोरून ट्रक येतोय."

झांबियात आपल्यासारखंच डावीकडून चालतात. ड्रॉइंग इक्बालभाईंची होती, ती बरोबर होती. गाडी माझी होती, ती सौदीतल्यासारखी उजवीकडून सुसाट चालली होती. पुस्तकं नाहीत, इकामा नाही, आता थेट चिपळूण!

आठवडा तसाच गेला. मग लुसाकाहून कॉमेंट शीट आलं. आमच्या धंद्यात क्लायंट या शीटवर आपले शेरे लिहितो. प्रत्येक शेऱ्यापुढे आम्ही लेखी उत्तर द्यायचं, तेव्हाच फाइल बंद होते. एक शेरा जरी उघडा राहिला तरी अबू फहद कागद पुढे सरकू देत नाहीत.

शेरा पहिला: डिझाइन मंजूर.

शेरा दुसरा: दुसऱ्या टप्प्याचं काम याच टीमला द्यावं.

मी खुर्चीतून उठलोच! इक्बालभाईंनी मला मिठी मारली. अबू फहद मात्र बोट ठेवून पुढे वाचत होते.

शेरा तिसरा: मिस्टर साळवी यांनी झांबियात गाडी चालवू नये.

"यल्ला साळवी, याचं उत्तर राहिलंय," अबू फहद म्हणाले आणि पेन माझ्यापुढे धरलं.

समोरच्या रकान्यात मी लिहिलं, 'मान्य. काटेकोर पालन केले जाईल.' आणि खाली सही केली.