ब्राउनश्वाइगच्या पुलावर भेटलेल्या बाई

भूतखेत, शकुन वगैरे प्रकारांची मी आयुष्यभर चेष्टाच केली आहे. मेकॅनिकल इंजिनिअर माणूस... ज्याचं कारण सापडत नाही, तिथे आपली तपासणी कमी पडली, असं मानणारा. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. पण खरं सांगायचं तर संकोचापेक्षा लाज जास्त वाटते.

मी जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. गेल्या मे महिन्यात कामासाठी आठवडाभर ब्राउनश्वाइगजवळ होतो. रविवार मोकळा मिळाला, म्हणून एकटाच शहर बघायला निघालो. चौकातला सिंहाचा काळपट पुतळा पाहिला, लाकडी पट्ट्यांची जुनी घरं पाहिली, मग युनिव्हर्सिटीकडे जायला ओकर नदीवरच्या एका छोट्या पुलावर आलो. तिथल्या दगडात पाय अडकला आणि तोंडातून मोठ्याने निघालं, “आई गं!”

“बाळा, मराठी ना रे तू?”

मागे वळून पाहिलं. साठीच्या बाई. सुती साडी, वर मरून स्वेटर, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. मुलाकडे राहायला आलेल्या आया इथे अशाच दिसतात. मला पुढचं सगळं डोळ्यांसमोर आलं — गाव कुठलं, लग्न झालं का, नंबर दे, जेवायला ये. त्या दिवशी मला कुणीच नको होतं. मी चक्क जर्मनमध्ये म्हणालो, “माफ करा, मला समजत नाही.”

नुकताच “आई गं” म्हणालेला माणूस!

त्या रागावल्या नाहीत. जवळ येऊन म्हणाल्या, “आईला फोन कर. आत्ताच कर.”

मी खांदे उडवले. एकदा नाटक सुरू केल्यावर थांबवायचं कसं? त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “बरं, असू दे. मीच बघते,” म्हणाल्या.

मी भराभर पूल ओलांडला. पलीकडे पोचल्यावर राहवेना, म्हणून वळून पाहिलं. पुलावर कुणी नव्हतं. काठाच्या रस्त्याने गेल्या असतील, अशी मी समजूत घातली. मग कॅम्पसमध्ये फिरलो, एका कॅफेत केक खाल्ला. फोन सायलेंटवर होता...

बाहेर काढला तेव्हा कराडहून पाटणकर काकूंचे सात मिस्ड कॉल. आई तिथे एकटी असते, काकू शेजारी.

“घाबरू नकोस,” काकू म्हणाल्या. “आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलंय, आम्ही हॉस्पिटलमध्येच आहोत. शुद्धीवर आहे. बरं झालं तू त्या बाईंना पाठवलंस.”

“कुठल्या बाई?”

“अरे, त्याच! बेल वाजवून म्हणाल्या, ‘शेजारच्या ताईंना बघा, त्यांच्या मुलाकडूनच येतेय.’ मी तुमच्या घराची किल्ली घेऊन बाहेर येते तो त्या गेलेल्या. आणि काय रे, एवढ्या उकाड्यात मरून स्वेटर? पायात बूट? तब्येत बरी नव्हती का त्यांची?”

बेल वाजली ती वेळ विचारली. इथली दुपार, तिथली संध्याकाळ... हिशोब जुळवला. मी पूल ओलांडत होतो, तीच वेळ.

“हॅलो? तूच पाठवलंस ना?”

मी म्हणालो, “हो.”

काकू घाबरतील, हे एक कारण. दुसरं कारण मला माहीत आहे, पण लिहवत नाही.

ऑपरेशन नीट झालं. आई आता काठी घेऊन चालते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, “साता समुद्रापलीकडे बसून कळलं हो माझ्या लेकाला.” मी व्हिडिओ कॉलवर असलो की लोक माझंही कौतुक करतात. मी मान खाली घालतो, तर त्यांना तो विनय वाटतो.

त्या बाई कोण होत्या, कळलं नाही. ब्राउनश्वाइगमधल्या ओळखीच्या मराठी विद्यार्थ्यांकडे चौकशी केली, कुणाचीच आई आलेली नव्हती. आमच्या नात्यात तशा कुणी नाहीत.

परवा आईने विचारलं, “अरे, त्या बाईंचे आभार मानायचे राहिलेत. तू नीट बोलला होतास ना त्यांच्याशी?”

“बोललो होतो,” मी म्हणालो.

कुठल्या भाषेत, ते तिने विचारलं नाही.