हेडबाईंनी दिलेला दाखला

हेडमास्तरांना ट्रेनिंग देणं म्हणजे निव्वळ डोकेफोड. बेळगावात मी ती बरीच वर्षं करतेय. निम्मे चहाची वाट बघतात, उरलेले मलाच शिकवतात. मग माझा आवाज चढतो.

ट्रेनिंगनंतर एकेकाच्या शाळेत जाऊन बघायचं, ही आमची पद्धत. तशी जूनमध्ये वडगावातल्या एका मराठी शाळेत गेले. तिथल्या हेडबाईंनी ट्रेनिंगभर तोंडातून ब्र काढला नव्हता. म्हटलं, ह्या काय शाळा सांभाळणार! पोरं मूठभर. आणखी थोडी गेली की शाळेला कुलूप, हे बाईंनाही ठाऊक होतं.

मी बसले असतानाच एक बाप आला. मागावरून उठून थेट, केसांत सुताचे धागे. 'बाई, थोरलीला इंग्लिश शाळंत घातलंय. हिच्या आईचा लई हट्ट. दाखला द्या.' पोरगी त्याच्या मागं, डोळे भरलेले.

मी सावरून बसले. पालकाची समजूत कशी काढायची, हा तर माझा आवडता धडा! बाईंना खुणावलंसुद्धा. त्यांनी मुकाट्यानं दाखला लिहिला, सही केली. झालं, पालथ्या घड्यावर पाणी! माझं डोकंच फिरलं.

मग त्यांनी पोरीला जवळ घेतलं. 'भ्या वाटतंय व्हय गं?' तिनं मान हलवली. बाईंनी पोरांच्या दुधासाठी आणलेली साखर चिमूटभर तिच्या हातावर ठेवली, परीक्षेला निघताना घरी ठेवतात तशी. 'चल, मी येते सोडायला.' वर्ग दुसऱ्या बाईंवर सोपवून त्या बापलेकीबरोबर निघाल्या. मला राहवेना, मीही मागोमाग गेले.

त्या इंग्लिश शाळेच्या दारात हेडबाई तिथल्या शिक्षिकेला सांगत होत्या, 'ही वाचताना ओळीवर बोट धरते. धरू द्या. टोकलं की गप्प बसते.'

अगं बाई! जिच्या जाण्यानं आपली शाळा बंद पडू शकेल, तिची ही काळजी? असलं काही मी कुणाला शिकवलं नव्हतं, मला शिकवताही आलं नसतं.

पोरगी आत गेली. परतताना बाप खाली मान घालून चालत होता. वळणावर थांबला.

'बाई, धाकटी औंदा पहिलीला हाय. तिला तुमच्याकडंच घालतो.'

'घाल रं,' बाई म्हणाल्या. 'पण आधी तिच्या आईला इचार.'