खर्ज घुबडाचा

त्या सकाळी गारठा असा होता की मशिनींमधलं तेल तुपासारखं थिजलं होतं. असं झालं की कारखान्यातल्या चाळीसच्या चाळीस शिलाई मशिनी एकदम रुसतात. पाय दाबला की कण्हतात, दोरा खातात, आणि मग शिवणाऱ्या बायका चहूकडून एकाच माणसाच्या नावानं ओरडतात. मिस्तरीणबाईंच्या.

खरं तर मिस्तरीण म्हणजे मिस्तरीची बायको. पण यांचा नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा, आणि घरातला बल्ब बदलतानाही त्याला स्टूल धरायला कुणीतरी लागायचं. मिस्तरी या स्वतःच होत्या. बाईमाणसाला मिस्तरी म्हणायला लोकांची जीभ वळत नाही, म्हणून पडलं ते नाव पडलं. वय सेहेचाळीस, बोटांच्या पेरांत मुरलेलं तेल, कमरेला पेचकसांची पिशवी आणि तोंड असं की सुपरवायझरसुद्धा यांच्याशी बोलण्याआधी दोनदा घसा खाकरायचा.

तर त्या सतरा नंबरच्या मशिनीखाली उताण्या पडून केस वाळवायच्या यंत्रानं तिच्या पोटात गरम हवा सोडत होत्या. भिंतीवरच्या स्पीकरवर सुपरवायझरनं रोजच्यासारखी गाणी लावली होती. गाण्यानं हात भरभर चालतात असा त्याचा शोध होता. एरवी चाळीस मशिनींच्या खडखडाटात बाईंना त्यातलं अक्षर ऐकू यायचं नाही. त्या दिवशी मशिनी बंद होत्या, आणि गेले दोन महिने पोरीबाळी जे गुणगुणत होत्या ते गाणं बाईंनी पहिल्यांदा धड ऐकलं.

आधी टकटक. एका पायानं लंगडणारा माणूस चालावा तशी, प्रत्येक चौथी टक जरा उशिरा येणारी. मग त्याच्याखाली एक खोल, दबलेला खर्ज. आणि त्यावर आठ सुरांची एक चढण, शेवटच्या पायरीआधीच थांबणारी.

बाई इतक्या झटक्यात उठल्या की टेबलाची लोखंडी पट्टी कपाळात बसली. कपाळ चोळत म्हणाल्या, "हे माझं आहे."

सतरा नंबरच्या पोरीला वाटलं पेचकसाबद्दल बोलतायत. तिनं मुकाट्यानं तो उचलून हातात दिला.

आता हे कसं, तर बाईंच्या वडलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि वर दोन खोल्या. थोरल्या भावाला शिक्षणासाठी म्हणून वडलांनी पोटाला चिमटा घेऊन कॉम्प्युटर आणला. दादानं त्यावर दोन महिने खेळ खेळले आणि मग तो मोटरसायकलीच्या नादाला लागला. डबा धाकटीकडे आला. त्यात गाणी रचायचा एक प्रोग्राम होता. पडद्यावर चार उभ्या पट्ट्या, त्यांत आकडे, आणि आकडे खालून वर सरकत जायचे. पेटी नाही, गुरू नाही, कुणी वाहवा करणारं नाही. कुठल्या ओळीत कुठला आवाज किती उंच वाजवायचा, हे सगळं आकड्यांत लिहायचं. वडलांच्या दुकानातल्या एका मशिनीचा दात झिजला होता; तिची लंगडी टकटक बाईंनी माइक लावून घेतली आणि तिचाच ताल केला. वय तेव्हा एकोणीस.

असे वेडे आणखीही होते. वेगवेगळ्या गावांतले दहा-बारा जण, कुणी कुणाला पाहिलेलं नाही, पोस्टानं एकमेकांना फ्लॉपी पाठवायचे. सगळ्यांची टोपणनावं. बाईंचं टाका. एकाचं घुबड. या मंडळींचा एकच नियम होता: कुणाचाही आवाज कुणीही आपल्या गाण्यात घ्यावा, विचारायचीही गरज नाही, पण तो ज्याचा त्याचं नाव लिहावं. लिहायला जागाही होती. प्रत्येक गाण्यासोबत त्यातल्या आवाजांची यादी जायची, एकतीस ओळी, एका ओळीत बावीस इंग्रजी अक्षरं, मराठीही त्यांतच लिहायची. आवाज बहुतेक वेळा आठ-दहाच असायचे, मग उरलेल्या ओळींत पोरं पत्रं लिहायची, भांडणं करायची, परीक्षेत नापास झाल्याचं कळवायची.

तो खर्ज घुबडाचा. त्यानं गच्चीवरच्या रिकाम्या लोखंडी टाकीत तोंड घालून हुंकार दिला होता आणि तो संथ करून घेतला होता. बाईंनी तो आपल्या गाण्यात बसवला आणि रीतसर लिहिलं, खर्ज घुबडाचा. घुबडानं गाणं ऐकलं आणि पुढच्या फ्लॉपीत, सगळ्यांना दिसेल असं, लिहिलं: टाक्याला उचकी लागली आहे, कुणीतरी पाणी द्या. बाईंनी त्या दिवशी त्याच्याशी जे बोलणं सोडलं ते सत्तावीस वर्षं.

आणि आता ती उचकी गल्लोगल्ली वाजत होती. गाण्यावर नाव होतं एका संगीतकाराचं, चोवीस तास टोपी घालून फिरणाऱ्या एका माणसाचं. बाईंनी कारखान्यात सांगितलं तर सुपरवायझर म्हणाला, असं असेल तर मीही सिनेमात काम केलंय. त्यानंतर गाणं लागलं की कुणीतरी हटकून म्हणायचं, "बाई, तुमचं लागलं बरं का." आणि खुसखुस. नवऱ्यानं विश्वास ठेवला, पण तो यांनी सूर्य पश्चिमेला उगवतो म्हटलं तरी ठेवायचा. पोटच्या मुलीनं विचारलं, "आई, नक्की ना? सगळी गाणी सारखीच वाटतात गं." ते बाईंना सगळ्यात जास्त लागलं.

त्यांनी गाण्याच्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. उत्तर आलं की आमच्या कलाकारांना प्रेरणा सगळीकडून मिळते. प्रेरणा! लंगड्या टकटकीसकट, टाकीतल्या हुंकारासकट उचललेलं, आणि म्हणे प्रेरणा. उद्या दुकानातून कुणी कापडाचा गठ्ठा उचलून पळाला तर त्यालाही कापडाची प्रेरणा झाली म्हणायचं. बाई तीन दिवस घरात भांडी आपटत होत्या. चौथ्या दिवशी नवरा त्यांना एका वकीलबाईंकडे घेऊन गेला. वकीलबाईंची मुलगी त्याच्या व्हॅनमधून शाळेत जायची, ओळख एवढीच.

वकीलबाईंनी नोटीस पाठवली. आता कंपनीला कंठ फुटला. जुन्या फ्लॉप्या कुणा भल्या माणसानं इंटरनेटवर चढवून ठेवल्या होत्या, तिथूनच टोपीवाल्यानं गाणं उचललं होतं, हे त्यांनी कबूल केलं. पण, ते म्हणाले, तुमच्याच यादीत नवव्या ओळीवर तुम्हीच लिहिलंय: ज्याला हवं त्यानं न्यावं. मग आम्ही नेलं, चुकलं काय? सोबत त्या यादीचं चित्रही छापून पाठवलं होतं.

बाईंनी चित्र पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. चित्र नवव्या ओळीखाली कापलेलं होतं. कात्री चालवावी तसं, सरळ.

"ओळ संपली होती," त्या वकीलबाईंना म्हणाल्या. "बावीस अक्षरं झाली की खाली जावं लागतं. पुढचं वाक्य दहाव्या ओळीत आहे. उघडा तुम्ही."

वकीलबाईंनी आपल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली. दहाव्या ओळीत होतं: पण कुणाचं ते लिहावं. वकीलबाई आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. आयुष्यात पुष्कळ लबाड्या पाहिल्या, म्हणाल्या, पण अर्धं वाक्य खाऊन ढेकर देणारे आजच पाहिले. पत्र गेलं, आणि आठवड्यात कंपनीकडून चहाचं बोलावणं आलं.

जाण्याआधी वकीलबाईंनी विचारलं, की या गाण्यात दुसऱ्या कुणाचं काही आहे का. बाईंनी सांगितलं, खर्ज. मग त्या माणसाला शोधा, वकीलबाई म्हणाल्या. जुन्या मंडळींतल्या एकाकडून नंबर मिळाला. घुबड आता माशांच्या काचेच्या पेट्या विकत होता. फोन उचलल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "अजून उचकी थांबली नाही का?" बाईंनी फोन आपटला. पुन्हा लावला. तो म्हणाला, मी कुठंही येणार नाही आणि कशावरही सही करणार नाही, मला माशांचं पाणी बदलायचं असतं. माझं खरं नाव त्या घाणीत नको. लावायचंच तर नियमानं घुबड लावा, नाहीतर राहू द्या. बाई म्हणाल्या, तू जन्मभर असाच राहणार. तो म्हणाला, हो.

कंपनीची खोली सगळी काचेची होती. टेबलापलीकडे कडक इस्त्रीतला कंपनीचा माणूस आणि त्याच्या शेजारी टोपीवाला. टोपीवाल्यानं उठून नमस्कार केला. पोरगं वाईट नव्हतं, नुसतं सवयीनं उचलेगिरी करणारं होतं. तुमची धून आम्ही केवढ्या लोकांपर्यंत पोचवली बघा, म्हणाला. बाई म्हणाल्या, माझी सायकल चोरून गावभर फिरवलीस म्हणून मी तुझे आभार मानू का? त्यानं टोपी जरा खाली ओढली.

मग करार पुढे आला. रक्कम बरी होती. बाईंनी ती धड वाचलीही नाही, कारण त्याच्या वरच्याच ओळीत त्यांचं नाव होतं. टोपणनाव नव्हे, वडलांनी ठेवलेलं पुरं नाव, आणि पुढे: मूळ संगीत. गाणं जिथं जिथं वाजेल तिथं तिथं हे नाव दिसणार होतं. सुपरवायझरच्या फोनवर, मुलीच्या फोनवर. बाईंनी त्या नावावर एकदा बोट फिरवलं. बोटाला वास तेलाचाच होता.

"खाली चौथं कलम वाचा," वकीलबाई हळूच म्हणाल्या.

चौथ्या कलमात लिहिलं होतं की या संगीतातला प्रत्येक आवाज मी एकटीनं निर्माण केला असून त्यात अन्य कुणाचाही काडीचा वाटा नाही.

बाईंनी सांगितलं, हे खोटं आहे, खर्ज दुसऱ्याचा आहे, त्याचंही नाव घाला. कंपनीच्या माणसानं विचारलं, काय नाव? घुबड, बाई म्हणाल्या, खरं नाव लावायचं नाही म्हणतो, येणारही नाही. टोपीवाला हसला. कंपनीचा माणूस हसला नाही. समजुतीच्या सुरात म्हणाला की असल्या नावानं कागद होत नाहीत, त्या गृहस्थांना स्वतः यायचं नाही, मागायचं नाही, जगात कुणाला पत्ता नाही. तुम्ही सही केलीत तर नुकसान कुणाचं? आणि ही सही नसेल तर बाकीचं काहीच देता येणार नाही, तुमचं नावसुद्धा.

व्हॅन खाली उभी करून नवराही आला होता. तो बाईंच्या कानाशी लागला. "अगं, त्या माणसानं सगळ्यांसमोर तुझी टर उडवली. त्याच्यासाठी हातचं घालवतेस?"

"तो नालायक आहे," बाई म्हणाल्या, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं. "एक नंबरचा. पण आवाज त्याचा आहे."

मग त्या कंपनीच्या माणसाकडे वळल्या आणि जे तीन दिवस भांड्यांवर निघालं होतं ते आता त्याच्यावर निघालं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसे तुम्ही. आधी माझं चोरलंत. मग माझं अर्धं वाक्य कापून मलाच दाखवलंत. आता म्हणता, तूही जरा चोर हो, म्हणजे आपण सगळे सारखे. आम्ही अठरा-वीस वर्षांची पोरं होतो, खिशात पोस्टाच्या तिकिटापुरते पैसे नसायचे, पण बावीस अक्षरांत दुसऱ्याचं नाव मावायचं आमच्याकडे. तुमच्या एवढ्या जाडजूड कागदात मावत नाही?

बाईंनी टेबलावरचं पेन उचललं, चौथं कलम आडव्या रेघेनं खोडलं आणि बाजूला लिहिलं: खर्ज घुबडाचा, बाकी माझं. खाली सही केली आणि कागद सरकवला.

"अशा सहीला किंमत नसते," कंपनीचा माणूस म्हणाला.

"मग किंमत कोर्टात ठरवू."

जिन्यात वकीलबाईंनी सांगून टाकलं की आता पाच वर्षं धरा, सातही होतील, आणि तोवर तुमचं नाव कुठंही दिसणार नाही. पण खोडाखोड झकास केलीत. व्हॅनमध्ये बसल्यावर नवरा एवढंच म्हणाला, की फोन तरी कर त्या घुबडाला, सांग त्याला. बाई म्हणाल्या, मरू दे, त्याला सांगायला मी त्याची कोण लागते?

दुपारी त्या कारखान्यात परतल्या तेव्हा गाणं लागलेलंच होतं. त्यांना बघून सुपरवायझर बंद करायला धावला. बाईंनी हातानंच थांबवलं. वाजू दे. मशिनींच्या आवाजात तसंही काही कळत नव्हतं.

सतरा नंबरच्या पोरीनं मान वर करून विचारलं, "बाई, लागलं का नाव?"

"नाही."

"का हो?"

"खोटं लिहून द्या म्हणत होते." त्यांचा आवाज अजून चढलेलाच होता. "तू खाली बघ. बोटात सुई घालून घेशील."

पलीकडच्या टोकाला काज पाडायच्या मशीननं सकाळपासून सात शर्टांची काजं फाडून ठेवली होती. बाईंनी शर्ट एकेक करून उजेडात धरले, शिव्या घालत बाजूला टाकले, आणि बोथट पातं काढायला स्क्रू पिळायला घेतला.