परसबागेतलं शेवटचं पाणी

गवती चहाचा वास आला की पिंपरीतली आमची परसबाग आठवते. पंचावन्न-छप्पन साल असेल. कारखान्यासाठी आमची जागा गेली होती. सामान बैलगाडीत चढलं तरी आई दिसेना, म्हणून मी मागं गेले, तर ती आडाचं पाणी शेंदून वांग्यांना, दुधीच्या कोवळ्या वेलाला घालत होती. वडील म्हणाले, "अगं, उद्या समदं उपटणार हायेत. आता पाणी कशाला?" खाली बघतच ती म्हणाली, "तहान तर त्यांना आज लागलीया." वडिलांनी बादली घेतली आणि उरलेले वाफे भिजवले. मोशीच्या नव्या घराला अंगण होतं. वडिलांनी शेवंतीचं रोप आणलं, तर ते तिनं शेजारणीला देऊन टाकलं. आई जाईपर्यंत त्या अंगणात तिनं काहीच लावलं नाही. आजही ती मोकळी जागा आठवली की मला रडू आवरत नाही.