कच्च्या पेशी

निर्मळ गावातल्या आमच्या वाडीत पहाटे सोनचाफा तोडायचं काम वहिनीचं. दादा नोकरीला, मी शाळेत शिकवायला. वाडी खरी तिनेच राखली होती. त्या दिवाळीनंतर तिच्या हातांवर निळे डाग दिसू लागले. "फांदी लागली असेल," ती म्हणायची. मग हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. फुलांची टोपली घेऊन घरापर्यंत येताना ती दोनदा खाली बसली. बारीक ताप तर अंगातून जाईचना.

दादा कामावर होता, म्हणून मीच तिला स्कूटरवरून नालासोपाऱ्याला रक्त तपासायला नेलं. दुपारी लॅबमधून फोन आला, "पुन्हा रक्त द्यायला या. आत्ताच या." का, ते त्या माणसाने सांगितलं नाही. दुसऱ्यांदा सुई टोचली, तिथलं रक्त कापूस दाबून धरला तरी थांबेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. वहिनीनेच विचारलं, "पांढऱ्या पेशी खूप वाढल्यात म्हणे. म्हणजे ताकद वाढली ना?"

"नाही हो. त्या कच्च्या आहेत. आजाराशी लढत नाहीत, नुसत्या वाढतात. हाडांच्या आत मज्जेत रक्त तयार होतं, तिथली जागा त्यांनीच अडवलीय. तांबड्या पेशी कमी पडतात म्हणून तुम्हाला धाप लागते. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स उरल्या नाहीत म्हणून हे डाग." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ल्युकेमिया वाटतोय, रक्ताचा कॅन्सर. आजच मुंबईला न्या."

बाहेर आल्यावर वहिनी एवढंच म्हणाली, "भावजी, आईंना इतक्यात सांगू नका."

मुंबईत मज्जा तपासली, तेच निघालं. केमो सुरू झाली. त्या औषधाने वाईट पेशींबरोबर चांगल्याही गेल्या. गावातली माणसं प्लेटलेट्स द्यायला येत. चढवलेली पिशवी दोन दिवसही पुरत नसे. तिसऱ्या आठवड्यात तिला हुडहुडी भरून ताप आला. संसर्ग फुप्फुसांत उतरला होता आणि त्याला अडवायला तिच्या रक्तात काहीच उरलं नव्हतं.

एका दुपारी तिने विचारलं, "आज रिपोर्टात काय आलं?"

कागद माझ्या खिशात होता. "सुधारतंय," मी म्हणालो.

ती म्हणाली, "एवढी वर्षं मुलांना शिकवता, पण खोटं काही नीट बोलता येत नाही तुम्हाला."

दोन दिवसांनी, दादा चमच्याने पाणी पाजत असताना, ती गेली.