कुत्र्याचं नाक आणि चार बिऱ्हाडं

१९५१च्या उन्हाळ्यात आमच्या कुत्र्याच्या नाकावरचं कातडं पहिल्यांदा सोललं. जखम तुरीच्या डाळीएवढी होती. आईने खोबरेल तेलात हळद कालवून लावली, खपली धरली. ती पडायच्या आत नाक पुन्हा सोललं. पावसाळा अर्धा उलटला तरी हेच चालू होतं.

डोंबिवलीत चार बिऱ्हाडांच्या बैठ्या चाळीत आई आणि मी राहत होतो. मी मुंबईत एका छापखान्यात रात्रपाळीला मुद्रितं तपासत असे. कळव्याच्या मिठागरापाशी सापडलेलं ते पिल्लू मीच घरी आणलं होतं. त्या उन्हाळ्यात घरमालकांनी, चिखल होतो म्हणून, मागच्या अंगणात शहाबादी फरशी घातली. तिचा नाकाशी संबंध असेल असं कोणाच्या मनात आलं नाही.

आधी संशय कुंपणाच्या पत्र्यावर गेला. मी पत्र्याची कड ठोकून वळवली. मग शेजारच्या काकूंच्या मांजरावर.

"काकू, तुमचं मांजर जरा बांधून ठेवा."

"मांजर बांधतात का रे कुठे? तुझ्या कुत्र्यालाच सांग, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नको म्हणावं."

श्रावणात घरमालक आले. ते गावचे जुने शेतकरी. चाळ त्यांच्याच भातशेतावर उभी होती. त्यांनी लांबूनच नाक पाहिलं.

"यो पिसालनार. उद्या कोनाला चावला त लोक मलाच इचारतील. गनपतीच्या आत नाक बरा कर, नायतर कुत्रा हलव."

मी दुपारी झोपायचं सोडून अंगणावर नजर ठेवली. तिसऱ्या प्रहरी कुत्रा तोंडात चतकोर भाकरी घेऊन आला. ती त्याने फरशीच्या कोपऱ्यात ठेवली आणि नाकाने माती लोटावी तसं फरशीवर नाक घासू लागला. तिथे माती नव्हती. भाकरी झाकली जाईना, म्हणून तो थांबेना. नाकातून रक्त आलं तेव्हा मी त्याला ओढून बाजूला केलं.

पोट भरलेला कुत्रा उरलेलं पुरतो. आमच्या घरी त्याला एकदाच जेवण मिळे. म्हणजे बाकीचं तिन्ही बिऱ्हाडांतून येत होतं. तव्यावरची शेवटची चतकोर कुत्र्यासाठी काढून ठेवायची, हा रिवाज प्रत्येक घरात होता. पण दिवस रेशनचे होते. नळावर रोज धान्य पुरत नाही अशी तक्रार करणाऱ्या बायकांनी आपण कुत्र्याला भाकरी घालतो हे कबूल करणं शक्य नव्हतं.

आईने विचारून पाहिलं.

"अहो, आमच्या पोरांनाच पुरत नाही," काकू म्हणाल्या. "कुत्र्याला कुठून घालू?"

पलीकडच्या मावशी म्हणाल्या, "तुमच्याकडे जास्त होत असेल हो. दोनच तर माणसं तुम्ही."

मी घमेल्यात रेती भरून कोपऱ्यात ठेवली. कुत्रा तिला वळसा घालून फरशीवरच नाक घासे. मी त्याला दाराशी बांधला. बांधलेला पाहून चतकोर वाढल्या. कोणी अर्धीही टाकली. टाकताना मला कोणी दिसलं नाही. शेवटी मी त्याला पुन्हा मोकळा सोडला.

गणपतीच्या आधी घरमालक पुन्हा आले. मी त्यांना कोपऱ्यात नेऊन भाकरीचे तुकडे दाखवले, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिन्ही बिऱ्हाडांना अंगणात बोलावलं.

"या कुत्र्याला भाकरी कोन घालतं?"

काकू म्हणाल्या, "रेशनात कोण घालणार?" मावशींनी मान डोलावली. तिसऱ्या बिऱ्हाडातल्या आजोबांनी आपण दुपारी झोपलेले असतो असं सांगितलं.

"काकू, काल तुमच्याच दारातून तो भाकरी घेऊन आला," मी म्हणालो.

"चोरली असेल मेल्याने! आता कुत्र्यापायी मला खोटं पाडतोस?"

घरमालक माझ्याकडे वळले. "कोनच घालत नाय म्हनतात. मंग आजारच हाय ना रं पोरा?"

मी पुन्हा तुकडे दाखवले. ते त्यांनी आधीच पाहिले होते.

कोलशेतला खाडीकाठी त्यांच्या मेहुण्याचं शेत होतं. कुत्रा तिथे ठेवायचं ठरलं. मी ठाण्यापर्यंत त्याला गाडीने नेला, पुढे मेहुण्याच्या बैलगाडीतून. आई दारापर्यंतही आली नाही.

दिवाळीच्या आधी मी कोलशेतला गेलो. नाकावर नवं कातडं आलं होतं, जखम नव्हती. कुत्र्याला परत न्यायचं विचारलं, तेव्हा मेहुणे म्हणाले की तो आता रात्री राखणीला बसतो, पोरं त्याला सोडणार नाहीत. मी संध्याकाळच्या गाडीने एकटा डोंबिवलीला परतलो.